विश्लेषण : सायकल शिकताना मेंदूत काय घडतं? २४व्या वर्षी सिद्धांत मांडणारे डेव्हिड मार कोण होते?

सायकल एकदा जमली की ती सहसा विसरत नाही. हा सराव मेंदूत साठतो कसा? लहान मेंदूच्या रचनेवरून याचं सविस्तर गणिती उत्तर १९६९ मध्ये ब्रिटिश संशोधक डेव्हिड मार यांनी दिलं.

डेव्हिड मार कोण होते?
जन्म १९ जानेवारी १९४५, इंग्लंड. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गणित शिकल्यावर ते मेंदूकडे वळले. लहान मेंदूवरचा त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला तेव्हा ते २४ वर्षांचे होते.

सिद्धांत काय होता?
लहान मेंदूतल्या एकेका पुर्किन्ये पेशीला लाखाच्या घरात बारीक तंतू माहिती पुरवतात. त्याशिवाय एकच जाड तंतू तिला वेढून असतो. मार यांच्या मते हा तंतू शिक्षकाचं काम करतो. त्याचा इशारा आला की त्याच वेळी सक्रिय असलेल्या बारीक तंतूंच्या जोडण्या बदलतात. हा बदल म्हणजेच शिकणं.

ते बरोबर ठरले का?
अर्धे. जोडण्या बळकट होतात, असं मार म्हणाले होते. त्या कमकुवत होतात, असं अमेरिकी अभियंते जेम्स अल्बस यांनी १९७१ मध्ये मांडलं. जपानच्या मासाओ इटो यांच्या १९८२ मधल्या सशांवरील प्रयोगांनी अल्बस यांना दुजोरा दिला.

उंदरांनी काय दाखवलं?
१९९४ मध्ये एक विशिष्ट रिसेप्टर नसलेले उंदीर तयार करण्यात आले. त्यांच्या जोडण्या नीट कमकुवत होत नव्हत्या. त्यांचा तोल जायचा आणि सूचक आवाज ऐकून डोळा मिटण्याचा धडाही ते कमी शिकले. २००० मध्ये फक्त पुर्किन्ये पेशींत तो रिसेप्टर परत बसवल्यावर चाल सुधारली. मात्र २०११ मध्ये, ही प्रक्रिया बंद पाडलेले वेगळे उंदीरही नीट शिकताना दिसले. म्हणजे शिकण्याचे मार्ग एकापेक्षा जास्त असावेत.

पुढे काय झालं?
मार १९७३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेले आणि यंत्राला 'पाहायला' शिकवण्याच्या संशोधनात रमले. त्याच काळात त्यांना ल्युकेमिया झाला. आजारपणातच त्यांनी 'व्हिजन' हे पुस्तक लिहिलं. १७ नोव्हेंबर १९८० रोजी, वयाच्या ३५व्या वर्षी त्यांचं निधन झालं. पुस्तक १९८२ मध्ये आलं. इटो यांचे निष्कर्षही त्याच वर्षीचे, म्हणजे आपला सिद्धांत कुठे खरा ठरला आणि कुठे चुकला, हे मार यांना कळलंच नाही. कॉम्प्युटर व्हिजनमधला मानाचा 'मार पुरस्कार' आज त्यांच्याच नावाने दिला जातो.