एका पित्याचे लोकस्मारक

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया आणि सनदा उभ्या राहतात. परंतु घरातील समईलाही इतिहास असतो, हे महाराष्ट्राला प्रत्यक्ष दाखवून दिले ते कै. दिनकर गंगाधर तथा काकासाहेब केळकर यांनी.

काकासाहेबांचा जन्म १८९६ चा. पुण्यात चष्म्यांचा व्यवसाय करणारे हे गृहस्थ ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमविण्याचा छंद जडला. पुढे त्यांचा राजा नावाचा मुलगा बालवयातच निवर्तला. अशा आघाताने एखादा संसार कायमचा मिटून गेला असता. काकासाहेबांनी मात्र आपल्या संग्रहालाच राजाचे नाव दिले. पत्नी कमलाबाईंची त्यांना अखंड साथ लाभली.

अडकित्ते, दौती, कुलपे, फण्या, वज्री, दिवे, वाद्ये, कोरीव दरवाजे असे जे जे लोकांच्या हातांनी घडविले आणि वापरले, ते ते त्यांनी देशभर हिंडून गोळा केले. कोथरूडचा मस्तानी महाल तर तेथून आणून संग्रहालयात पुन्हा उभारला. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा हा ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले.

काही वर्षांपूर्वी रजेवर पुण्यास गेलो असता आम्ही शुक्रवार पेठेतील हे संग्रहालय पाहिले. एक नऊवारीतील आजी नातवाला वज्रीने टाचा कशा घासाव्या, हे समजावून सांगत होत्या. भोवती चार अनोळखी माणसे ऐकत उभी राहिली. ज्ञान आजींजवळ होतेच. काकासाहेबांनी ते बोलके होण्यास जागा करून दिली. लोकांचे संग्रहालय ते हेच, असे आम्हांस वाटले.

त्याच क्षणी आम्ही मनोमन ओशाळलो. बदलीच्या नोकरीत सामान हलके करावे म्हणून आजीचा पितळी पानडबा आम्ही मोडीत घातला होता. किलोच्या भावाने त्याचे पैसे आले. त्या डब्याच्या कोणत्या कप्प्यात ती काय ठेवी, हे आज आमच्या मुलांना सांगावयाचे तर हाती काहीच नाही.

आपल्या मंडळातील बहुतेक कुटुंबे अशीच गावोगावची बिऱ्हाडे करीत येथवर आली आहेत. कोणाच्या ट्रंकेत पुरणयंत्र असेल, कोणाच्या माळ्यावर पाटा-वरवंटा. या सुवर्णमहोत्सवी वर्षी मंडळाच्या सभागृहात एक कपाट अशा वस्तूंसाठी राखावे. प्रत्येक वस्तूजवळ ती कोणाची, कोणत्या गावची आणि कशासाठी वापरीत, एवढे चार ओळींत लिहून ठेवावे. ते लेखन मुलांनी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून करावे. काकासाहेबांचा संग्रहही एकेका वस्तूनेच वाढत गेला. आपल्या कपाटात पहिली वस्तू ठेवण्यास आजीचा पानडबा मात्र आमच्यापाशी उरलेला नाही.