यंत्रकल्पक शंकर आबाजी भिसे

मनुष्याच्या हातांचें काम यंत्राकडून करवून घ्यावें, ही इच्छा फार जुनी आहे. आमच्या वऱ्हाडांत पूर्वीं कापसांतील सरकी घरोघर हातरेच्यावर काढीत. पुढें जिनिंगचे कारखाने आले आणि तो रेचा माळ्यावर जाऊन पडला. आज पुण्याजवळ चाकण येथील कारखान्यांत यांत्रिक हात गाड्यांचे भाग उचलतात, जोडतात व सांधतात. आमच्या विद्यार्थ्यांस राजापेठेच्या चौकांतून शाळेंत आणणारी एखादी दुचाकी अशाच हातांतून आलेली असण्याचा संभव आहे. या हातांस रोबो म्हणतात. रोबो निघण्याच्या कितीतरी वर्षें आधीं ज्या एका मराठी पुरुषानें आपोआप काम करणाऱ्या यंत्राच्या ध्यासांत आयुष्य वेंचलें, त्याचें चरित्र आम्ही यंदां आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म मुंबईस ता. २९ एप्रिल १८६७ रोजीं झाला. लहानपणापासूनच त्यांस यंत्रांचा नाद होता. वयाच्या चौदाव्या वर्षीं त्यांनीं घरच्या घरीं दगडी कोळशापासून वायु काढण्याचें उपकरण तयार केलें. यंत्रशास्त्राचें रीतसर शिक्षण त्यांस लाभलें नाहीं. अमेरिकेंतून येणारें सायंटिफिक अमेरिकन हें पत्र हेंच त्यांचें विद्यालय होय. तें वाचून व त्यांतील आकृत्या न्याहाळून ते यंत्रविद्या शिकले. आपणांस समजलें तें इतरांसही समजावें म्हणून त्यांनीं मुंबईंत विज्ञानप्रेमी लोकांचें एक मंडळ स्थापिलें व विविध कलाप्रकाश नांवाचें मराठी मासिक चालविलें.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या एका पत्रानें स्पर्धा लाविली. साखर, पीठ यांसारखा माल दुकानांत आपोआप तोलून देईल असें साधन हवें होतें. भिसे यांनीं आपली योजना मुंबईहून पाठविली आणि त्यांची योजना सर्वोत्तम ठरली. या यशानें त्यांस विलायतेची वाट मोकळी झाली. लंडनमध्यें त्यांस दादाभाई नौरोजी यांचा आश्रय मिळाला. परक्या देशांत आलेल्या या तरुणाच्या बुद्धीवर त्या वृद्ध देशभक्तानें विश्वास ठेविला व त्याच्या प्रयोगांस पैशाचें साह्य केलें.

शंकररावांनीं हातीं घेतलेलें मुख्य काम छापण्याचे खिळे, म्हणजे टाईप, ओतण्याच्या यंत्राचें होतें. त्या काळीं छापखान्यांत प्रत्येक अक्षराचा खिळा निराळा असे. शिसें, कथील व अँटिमनी यांचा रस साच्यांत ओतून तो तयार होई, आणि जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवी. मराठीस तर इंग्रजीहून कितीतरी अधिक खिळे लागत, कारण काना, मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरें यांची सोय करावी लागे. मुंबईंत अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम यांनीं मराठी खिळे सुबक केले, आणि तेथेंच लहान वयांत काम शिकलेले जावजी दादाजी यांनीं पुढें निर्णयसागर छापखाना उभारला. मराठी ग्रंथ ज्या अक्षरांनीं घरोघर पोंचले, तीं अक्षरें अशा कष्टानें घडलेलीं होतीं.

हे कष्ट यंत्रावर सोंपविण्याचे यत्न अमेरिकेंत चालू होतेच. मर्गेनथालर यांचें लिनोटाईप यंत्र १८८६ सालीं न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रांत सुरू झालें. तें एक सबंध ओळ एकाच तुकड्यांत ओती. लॅन्स्टन यांचें मोनोटाईप यंत्र कागदाच्या पट्टीवर पाडलेल्या छिद्रांच्या आज्ञेनें एकेक खिळा ओती. भिसे यांनीं आपलें यंत्र याहून साधें, स्वस्त व जलद करण्याचें मनांत घेतलें व त्यास भिसोटाईप हें नांव दिलें. मिनिटास १२०० खिळे ओतण्याची त्याची शक्ति सांगितली जाई. लंडनच्या तज्ज्ञांस हें अशक्य वाटलें. शंकररावांनीं वाद घालीत न बसतां यंत्र घडविण्याच्या कामास वाहून घेतलें.

परंतु कल्पना कागदावर उतरविणें निराळें आणि ती कारखान्यांत उतरविणें निराळें. पहिलीस बुद्धि पुरते. दुसरीस भांडवल लागतें. बाजारांत आधींच बळावलेल्या कंपन्यांपुढें नव्या यंत्रासाठीं पैसा उभा करणें कठीण होतें. हिंडमन नांवाच्या इंग्रज पुढाऱ्यानें भांडवलासाठीं खटपट केली, पण ती फळास आली नाहीं. वार्धक्यामुळें दादाभाई १९०७ सालीं स्वदेशीं परतले. १९०८ च्या अखेरीस शंकररावांनींही गाशा गुंडाळला व ते मुंबईच्या वाटेस लागले. बोटीवर त्यांची गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशीं गांठ पडली. गोखल्यांनीं या माणसाचें मोल ओळखून त्यांची शिफारस सर रतन टाटा यांजकडे केली, आणि टाटांच्या द्रव्यबळावर काम पुन्हां उभें राहिलें.

हें साह्यही कायमचें ठरलें नाहीं. पहिलें महायुद्ध सुरू झालें व व्यापाराची घडी विसकटली. १९१८ सालीं सर रतन टाटाही निवर्तले. तत्पूर्वीं, १९१६ च्या सुमारास, शंकरराव सहकुटुंब न्यूयॉर्कला गेले होते. तेथें त्यांनीं आपल्या यंत्रासाठीं कंपनी काढली. यंत्र तयार झालें, तज्ज्ञांनीं नांवाजलें. पण लिनोटाईप व मोनोटाईप यांनीं जसें जग व्यापिलें तसें तें भिसोटाईपच्या वांट्यास आलें नाहीं. आयोडीनपासून केलेल्या ॲटोमिडीन या औषधानें मात्र त्यांचें नांव झालें. तिकडील लोक त्यांस हिंदुस्थानचा एडिसन म्हणूं लागले. ता. ७ एप्रिल १९३५ रोजीं न्यूयॉर्क येथें त्यांचें देहावसान झालें.

आतां पुढील काळाकडे पाहूं. रोबो हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकांतून जगांत पसरला. त्याचें मूळ वेठबिगार या अर्थाच्या चेक शब्दांत आहे. प्रत्यक्ष यांत्रिक हाताच्या हक्कासाठीं जॉर्ज डेव्हॉल या अमेरिकन कल्पकानें १९५४ सालीं अर्ज केला, आणि १९६१ सालीं असा पहिला हात न्यूजर्सी येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यांत कामास लागला. त्याचें काम काय होतें? साच्यांत ओतलेले धातूचे तापलेले तुकडे उचलून ठेवणें! वितळलेल्या धातूचें जें काम यंत्रानें करावें म्हणून भिसे झटले, त्याच जातीच्या कामानें रोबोच्या युगाचा आरंभ झाला. मोनोटाईपला छिद्रांची पट्टी आज्ञा देई. या हातास चुंबकीय नळकांड्यावर साठविलेली आज्ञा पुरे. पुढें १९७८ सालीं जपानांत हिरोशी माकिनो यांनीं असा हात घडविला कीं जो आडव्या दिशेस किंचित् लवे, पण उभ्या दिशेस ताठ राही. त्यामुळें लहान भाग बिनचूक खोंचून जोडणें सोपें झालें.

येथें एक प्रश्न सुज्ञ पालकांच्या मनांत येईल. यंत्राचे हात वाढले तर माणसाच्या हातांनीं काय करावें? प्रश्न खरा आहे. संगणक आल्यावर खिळे जुळविणाऱ्यांचा धंदा गेला, आणि भिसोटाईप जगभर खपलें असतें तरी तेंही आज अडगळींतच पडलें असतें. तापलेली धातु उचलण्याचें काम यंत्रानें करावें हें इष्टच. पण ज्याचें काम गेलें त्यास नवें काम शिकविण्याचा भार समाजानें उचलिला नाहीं, तर शोधाचें पुण्य अर्धेंच राहील.

विद्यार्थिमित्रांनो, शंकररावांस प्रयोगशाळा नव्हती, पदवी नव्हती, घरचें भांडवल नव्हतें. एका नियतकालिकाचीं पानें व दोन हात एवढ्यावर त्यांनीं आरंभ केला. त्यांच्या अपयशाचा दोष त्यांच्या बुद्धीकडे जात नाहीं. वेळेवर हात देणारे थोडे होते, आणि जे होते ते फार काळ लाभले नाहींत. म्हणून तुमच्यांतील कोणी यंत्र उघडून पाहूं लागला तर त्यानें धीर सोडूं नये. आणि पालकांनींही त्याच्या हातून मोडलेल्या घड्याळाचा हिशेब फार कठोरपणें घेऊं नये. प्रभूनें दिलेली देणगी जमिनींत पुरून ठेवण्यासाठीं नसते, हें आमच्या शाळेंत पुष्कळदां शिकविलें जातें. शंकर आबाजी भिसे यांनीं आपली देणगी अखेरपर्यंत चालती ठेविली.