गालात काय ठेवता?

शेवटचं लेक्चर संपलं की स्टेशनच्या वाटेवरच्या टपरीशी ग्रुप थांबतो. अंधेरी असो, बोरिवली असो, मुलुंड नाहीतर घाटकोपर, सीन तोच. कुणी कटिंग घेतं, कुणी सिगरेट शिलगावतं, कुणी तळहातावर मावा मळतं. आणि एकजण हमखास असतो, जो म्हणतो की आपण तंबाखू खात नाही, आपली फक्त सुपारी. तुमच्या ग्रुपमधला तो आत्ता डोळ्यांसमोर आला असेल. कदाचित तो तुम्हीच असाल.

त्याच्यासाठी आज एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. तुमच्या मार्कशीटवर ज्या मुंबई विद्यापीठाचं नाव छापलेलं असतं, त्याच विद्यापीठाचे ते 1960 ते 1963 या काळात कुलगुरू होते. पण त्यांची खरी ओळख वेगळी. आपल्या लोकांच्या तोंडात काय बिघडतंय आणि ते कशामुळे, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडलं. त्यांचं नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर.

काचेच्या पट्टीवरचा डॉक्टर

खानोलकरांचा जन्म 1895 चा. वैद्यकीचं शिक्षण लंडनमध्ये झालं आणि 1923 मध्ये त्यांनी पॅथॉलॉजीत एमडी केलं. परदेशी डिग्री घेऊन आलेला डॉक्टर बाहेर पाटी लावून बसला असता, तर पैशांना तोटा नव्हता. खानोलकरांनी मात्र शिकवण्याची आणि प्रयोगशाळेची वाट धरली. आधी ग्रँट मेडिकल कॉलेज, मग परळचं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज, म्हणजे आपलं केईएम.

पॅथॉलॉजिस्ट हा पेशंटला सहसा न दिसणारा डॉक्टर. सर्जन जखमेचा छोटासा तुकडा काढून पाठवतो. त्याचे पातळ काप करून, रंग देऊन, काचेच्या पट्टीवर ठेवून मायक्रोस्कोपखाली बघायचे आणि हे साधं आहे की कॅन्सर, ते सांगायचं. पेशंटला या माणसाचा चेहराही माहीत नसतो, पण पुढचे सगळे उपचार त्याच्या शब्दावर ठरतात. बायोप्सी म्हणतात ती हीच.

हजार तोंडं

28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं खानोलकरांकडे आली. कॅन्सर हा पाश्चात्त्यांचा रोग, हिंदुस्थानात तो फारसा होत नाही, असं तेव्हा बरेच जण मानत होते. टाटाच्या ओपीडीत वेगळंच दिसत होतं. पेशंट येत होते, आणि त्यातल्या कितीतरी जणांचं दुखणं तोंडात होतं. जीभ, गाल, हिरडी, टाळू, ओठ.

खानोलकरांनी अंदाज बांधत बसण्याऐवजी मोजायला घेतलं. मुंबईतले तोंडाच्या कॅन्सरचे ओळीने एक हजार पेशंट घेऊन त्यांनी 1944 मध्ये लेख प्रसिद्ध केला. यातला ‘ओळीने’ हा शब्द महत्त्वाचा आहे, प्रोजेक्ट करताना लक्षात ठेवा. आपल्या म्हणण्याला सोयीचे पेशंट वेचायचे नाहीत. जो येईल तो मोजायचा.

मग 1945 मध्ये सहकारी डॉ. सूर्याबाई यांच्याबरोबर त्यांनी एक लेख लिहिला. विषय होता माणसांच्या सवयी आणि त्यातून होणारे कॅन्सर. बिहार-उत्तर प्रदेशाकडे तंबाखू आणि चुना मळून खालच्या ओठाच्या आत दाबून ठेवतात, ती खैनी. ती ठेवणाऱ्यांना कॅन्सर व्हायचा तो नेमका त्याच खाचेत. आंध्रच्या किनाऱ्यावर काही जण, विशेषतः बायका, चुट्टा ओढताना जळतं टोक तोंडाच्या आत घेतात. त्यांना कॅन्सर व्हायचा टाळूला. आणि कमरेला धोतराची गाठ वर्षानुवर्षं घट्ट कसणाऱ्यांना तो व्हायचा कमरेवर, गाठीच्या जागी.

बघा, किती साधी गोष्ट आहे. रोग आभाळातून पडत नव्हता. जिथे रोजचा त्रास, तिथेच रोग. म्हणजे तपासणाऱ्याने जखम बघायचीच, पण त्या जागी रोज काय ठेवलं जातं, तेही विचारायचं. आजही डेंटिस्ट तुम्हाला गालात काय ठेवता, कुठल्या बाजूला, किती वेळ, असं विचारतो तेव्हा तो आगाऊपणा करत नसतो. ती तपासणीच असते.

तंबाखू आणि आकडे

1950 मध्ये इंग्लंडच्या डॉल आणि हिल यांनी सिगरेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवला. तो अभ्यास जगभर गाजला. पाचच वर्षांनी, 1955 मध्ये, त्याच जर्नलमध्ये मुंबईचा अभ्यास छापून आला. लेखक होते संघवी, राव आणि खानोलकर. कॅन्सर झालेल्यांच्या आणि न झालेल्यांच्या सवयी विचारून त्यांची तुलना केली होती. तंबाखू चघळणं आणि ओढणं, दोन्हींचा तोंड-घशाच्या कॅन्सरशी संबंध त्यातून पुढे आला. तिकडे प्रश्न सिगरेटचा होता. इकडे पान, तंबाखू आणि विडी. आपल्या माणसांचा प्रश्न आपल्याच शहरात बसून सोडवायला हवा होता, आणि तो परळमध्ये सोडवला गेला.

मधल्या काळात, 1952 मध्ये, परळलाच भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र उभं राहिलं आणि खानोलकर त्याचे प्रमुख झाले. ती संस्था पुढे टाटा मेमोरियल सेंटरमध्ये सामील झाली. कुष्ठरोगावरही त्यांनी महत्त्वाचं काम केलं. पद्मभूषण मिळालं, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा मान मिळाला. 1978 मध्ये ते गेले.

आणि आपली सुपारी?

आता त्या ‘फक्त सुपारी’वाल्या मित्राकडे वळू. 1953 मध्ये डॉ. एस. जी. जोशी यांनी एका विकाराचं वर्णन केलं. गालाच्या आणि टाळूच्या आतलं अस्तर पांढुरकं, कडक होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. याचं मुख्य कारण सुपारी असल्याचं पुढे दिसलं. सुपारीतल्या अरेकोलीनसारख्या द्रव्यांमुळे अस्तराखाली चिवट तंतू साठत जातात. अशा तोंडात कॅन्सरचा धोका वाढतो. 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने सुपारीला, तंबाखू नसली तरीही, कॅन्सरकारक ठरवलं. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण साधी सुपारी टपरीवर मिळतेच.

आज रात्री ब्रश करताना पाच मिनिटं जास्त द्या. आरशासमोर, मोबाइलचा टॉर्च लावून.

आधी तोंड पूर्ण उघडा. स्वतःची तीन बोटं उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का? जात नसतील, किंवा तिखट खाल्लं की तोंडाची आग होत असेल, तर डेंटिस्टला दाखवा.

मग गाल, ओठांच्या आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा आणि टाळू बघा. परीक्षेच्या दिवसांत येतो तो साधा अल्सर दुखतो आणि साधारण आठ-पंधरा दिवसांत बरा होतो. टोकदार दात घासूनही जखम होते. डेंटिस्ट तो दात गुळगुळीत करतो आणि जखम भरते. पण दोन आठवडे उलटूनही न भरलेली जखम, पुसून न निघणारा पांढरा चट्टा, लाल मखमली डाग, हाताला लागणारी गाठ, यांपैकी काही असेल तर थांबू नका. दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. कॅन्सर सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही.

हिरड्याही बघा. ब्रश करताना रक्त येत असेल, तर बहुतेकदा दातांच्या मुळाशी कीटण साचलेलं असतं. क्लीनिंग करून, नीट ब्रश केला की सुरुवातीची सूज उतरते. सिगरेट ओढणाऱ्यांनी मात्र रक्त येत नाही म्हणून खूश होऊ नये. धूम्रपानामुळे हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे आतला रोग झाकला जातो. दात हलायला लागतो तेव्हाच कळतं.

डॉक्टरांनी तुकडा काढायला सांगितला, तर घाबरून पळू नका. बायोप्सीने कॅन्सर पसरतो हा गैरसमज आहे. तो तुकडा पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर जातो आणि मगच नक्की काय ते कळतं. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. खिशाला परवडेल अशी तपासणी तिथे होते.

सवय सोडली तर उपयोग होतो का? होतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहतांच्या गटाने खेड्यापाड्यांतल्या हजारो लोकांची तोंडं वर्षानुवर्षं तपासली. तंबाखू सोडण्याचा सल्ला आणि मदत मिळालेल्या लोकांमध्ये पांढरे चट्टे कमी झाल्याचं त्यांना दिसलं. सबम्यूकस फायब्रोसिसने कडक झालेलं अस्तर पूर्ववत होणं मात्र कठीण असतं, म्हणून जितक्या लवकर सोडाल तितकं बरं. एकट्याला जमत नसेल तर 1800112356 ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. फोन फुकट लागतो.

खानोलकरांच्या मायक्रोस्कोपखाली आलेल्या त्या हजार जणांना कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं. कारण तेव्हा कुणाला नीट माहीतच नव्हतं. तुम्हाला माहीत आहे. उद्या टपरीवर मित्राने पुडी फाडली की त्याला लेक्चर देऊ नका. त्याला फक्त तीन बोटं तोंडात घालून बघायला सांगा.