डॉक्टर हेन्री व्हँडाइक कार्टर

ताप हटत नाहीं, अंगावर बधिर चट्टा उठतो किंवा कोठें गांठ येते, तेव्हां डॉक्टर प्रथम रक्त तपासून आणावयास सांगतात, अथवा त्या जागेचा लहानसा तुकडा काढून प्रयोगशाळेकडे पाठवितात. पोटासाठीं मुंबईकडे गेलेल्या आपल्या मंडळींस हें चांगलें ठाऊक आहे; अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथें अशा प्रयोगशाळांच्या पाट्या जागोजाग दिसतात. दीडशें वर्षांपूर्वीं हीं सारीं खेडीं होतीं, आणि खुद्द मुंबई शहरांतही रोग ओळखावयाचा तो बहुधा नाडी, जीभ व कातडी पाहूनच. त्या काळीं मुंबईंत सूक्ष्मदर्शक यंत्रापुढें बसून रोग्याच्या रक्ताचा थेंब व मांसाचा कण न्याहाळणाऱ्या एका वैद्याचें हें चरित्र आहे.

हेन्री व्हँडाइक कार्टर यांचा जन्म ता. २२ मे १८३१ रोजीं इंग्लंडांतील हल गांवीं झाला. वडील चित्रकार होते, आणि मुलाच्या बोटांतही तें कसब उतरलें. लंडनच्या सेंट जॉर्ज इस्पितळांत वैद्यकी शिकल्यावर त्यांनीं क्वेकेट नांवाच्या विद्वानाजवळ सूक्ष्मदर्शकाचा अभ्यास केला. ते मोठे भाविक व स्वभावानें संकोची होते; रोजनिशींत ते आपल्या आत्म्याची झडती घेत व विश्वासांत आपण उणे पडतों म्हणून तळमळत. याच सुमारास हेन्री ग्रे नामक डॉक्टरानें शरीररचनेवर ग्रंथ लिहावयास घेतला. त्यांतील सुमारें साडेतीनशें चित्रें कार्टर यांनीं काढलीं. तो ग्रंथ १८५८ सालीं निघाला आणि आजतागायत त्याच्या नव्या आवृत्त्या निघत आहेत. पण जगानें त्यास ग्रे यांचेंच नांव दिलें. मुखपृष्ठावर कार्टर यांचें नांव बारीक अक्षरांत घालण्याची सूचनाही ग्रे यांनींच केली होती. ही गोष्ट आम्हांस बरी वाटत नाहीं. कार्टर तोंवर हिंदुस्थानाकडे निघून गेले होते.

मुंबईंत ग्रँट मेडिकल कॉलेजांत ते शरीरशास्त्राचे अध्यापक झाले व जमशेटजी जिजीभाई इस्पितळांत काम करूं लागले. तेथें त्यांच्यापुढें एक विलक्षण पायरोग आला. शेतांत अनवाणी राबणाऱ्याच्या पायांत कांटा मोडतो. पुढें वर्षानुवर्षें पाय सुजत जातो, त्याला भोंकें पडतात, आणि त्यांतून खसखशीसारखे काळे अथवा पांढुरके दाणे पडतात. शेवटीं पाय कापण्यावांचून गत्यंतर नसे. कार्टर यांनीं कापलेल्या पायांचे पातळ काप करून यंत्राखालीं धरले, आणि त्या दाण्यांत बुरशीचें जाळें असल्याचें दाखविलें. रोगास त्यांनीं मायसेटोमा हें नांव दिलें व १८७४ सालीं त्यावर रंगीत चित्रांसह ग्रंथ प्रसिद्ध केला. कांहीं दाणे बुरशीचे नसून तंतुरूप जंतूंचे असतात, व दोहोंचीं औषधें निराळीं, हें नंतर कळलें. म्हणून दाणा तपासल्याशिवाय आजही उपचार ठरवितां येत नाहीं.

१८६३ पासून नऊ वर्षें ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. कुष्ठरोग्यांकडे त्यांचें लक्ष पूर्वीपासूनच होतें. मृत रोग्यांचे मज्जातंतु सोडवून त्यांनीं पाहिले, ते जागोजाग जाड झालेले आढळले. हातापायांचा बधिरपणा येथून उपजतो हें त्यांस उमगलें. पुढें रजेवर असतां ते नॉर्वेंत गेले. तेथें हॅन्सन यांस १८७३ सालीं कुष्ठरोग्याच्या गांठींत जंतु दिसले होते. हा रोग एकापासून दुसऱ्यास होतो, पूर्वजांच्या रक्ताचा तो दोष नव्हे, असें कार्टर यांचें मत तेथून दृढ झालें. रोग्यांस वेगळें ठेवावें, असा आग्रह त्यांनीं सरकारकडे धरला. आज औषधानें कुष्ठरोग बरा होतो, त्यामुळें तशी गरज उरलेली नाहीं.

त्यांचें सर्वांत मोठें काम दुष्काळांत झालें. १८७६ सालीं दख्खनांत पाऊस गेला आणि उपाशी माणसांचे तांडे मुंबईंत येऊं लागले. १८७७ सालीं त्यांच्यांत एक कडक ताप पसरला. पांचसात दिवस अंग भाजून निघे, मग ताप एकाएकीं उतरे. रोगी बरा झाला असें वाटावें, तों आठवड्याभरानें तोच ताप उलटून येई. हिंवतापाला चालणारा कोयनेल येथें चालेना. कार्टर यांनीं रोग्यांच्या बोटांतून रक्ताचा थेंब घेतला. त्यांत तांबड्या कणांमधून वळवळत जाणारे, स्क्रूसारखे नागमोडी, अतिसूक्ष्म जंतु दिसले. बर्लिन शहरीं ओबरमायर यांनीं असेच जंतु पाहून १८७३ सालीं जाहीर केले होते. ताप चढलेला असतां ते दिसत, उतरला कीं नाहींसे होत. म्हणून एकदां पाहून भागत नसे, त्याच रोग्याचें रक्त पुनःपुन्हां तपासावें लागे. तें रक्त माकडांस टोंचून त्यांसही तोच ताप येतो हें त्यांनीं सिद्ध केलें, व १८८२ सालीं या तापावर मोठा ग्रंथ लिहिला. ज्या भुकेल्या माणसांनीं सुईपुढें बोट केलें, त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत. तीं ठाऊक असावयास हवीं होतीं.

हिंवतापाचे जे जंतु लावेरान यांनीं १८८० सालीं शोधले होते, तेही कार्टर यांनीं मुंबईंतील रोग्यांच्या रक्तांत ओळखले. असे हे दोन ताप, बाहेरून पुष्कळदां सारखे, रक्ताच्या एका थेंबावरून वेगळे करतां येऊं लागले.

घरचें सुख त्यांस फारसें लाभलें नाहीं. पहिला विवाह दुःखाचा ठरला. १८८८ सालीं ते सेवानिवृत्त होऊन स्कारबरो येथें राहिले, १८९० सालीं पुन्हां विवाह केला, आणि दोन लेंकरें मागें ठेवून ता. ४ मे १८९७ रोजीं क्षयानें वारले.

उलटून येणारा ताप एका देहांतून दुसऱ्यांत कसा जातो, हें मात्र त्यांस अखेरपर्यंत उलगडलें नाहीं. तें दहा वर्षांनीं, १९०७ सालीं, नाशकास एका मिशनच्या वसाहतींत उघडकीस आलें. तेथें हा ताप मुलींपेक्षां मुलांत अधिक पसरला होता. मॅकी नांवाच्या डॉक्टरानें मुलांच्या कपड्यांतील उवा वेंचून यंत्राखालीं ठेवल्या, आणि कार्टर यांनीं रक्तांत पाहिलेले तेच नागमोडी जंतु त्यांच्या पोटांत सांपडले.