सर्पगंधा आणि डॉ. वकील

डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११चा. मुंबईचे हे नामवंत हृदयरोगतज्ज्ञ. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे वैद्य पूर्वापार वापरत आले. पण त्याने रक्तदाब किती उतरतो, हे वकिलांनी रुग्ण तपासून, मोजून पाहिले. ५० रुग्णांवरील त्यांचा अभ्यास १९४९ मध्ये ब्रिटनमधील हृदयरोगाच्या नियतकालिकात छापून आला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळे काढण्यात आले. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले.

वापर वाढला तशी औषधाची दुसरी बाजूही दिसली: नाक चोंदणे, नाडी मंदावणे, गुंगी आणि काहींना नैराश्य. रक्तदाब उतरवण्याइतकी ताकद ज्या मुळीत आहे, ती निरुपद्रवी कशी असेल?

म्हणून सिल्लोड असो की मुंबई, बीपीसाठी जडीबुटीची पुडी चालू असेल तर ती डॉक्टरांना दाखवा. गोळी आणि पुडी मिळून रक्तदाब फार खाली जाऊ शकतो. नैराश्याचा त्रास असलेल्यांनी सर्पगंधा टाळावी. चालू गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.