वाफेला दुसरी वाट

कुकरच्या झाकणावर शिट्टीशेजारी एक लहानसा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. शिट्टी घरादाराला ऐकू येते. या बापड्याकडे मात्र तो उडेपर्यंत कुणाचे लक्ष जात नाही. शिट्टीची वाट बुजली किंवा आतले पाणी आटले, की त्यातला धातू वितळतो आणि वाफ मोकळी होते. ही दुसरी वाट ठेवण्याचे शहाणपण फार महागात मिळालेले आहे. आपण ज्याला रेल्वे इंजिनाचा आद्य कर्ता म्हणून ओळखतो, त्या रिचर्ड ट्रेव्हिथिकला तरी नक्कीच.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, १३ एप्रिल १७७१ रोजी तो जन्मला. शाळेत यथातथाच, पण अंगाने धिप्पाड आणि कुस्तीत भारी. वडील खाणीवर होते. खाणीतले पाणी उपसायला इंजिने लागत आणि कोळसा बाहेरून आणावा लागे. म्हणून थोड्या कोळशात जास्त काम, हा तिथल्या लोकांचा ध्यासच. जेम्स वॉटची अवाढव्य इंजिने हलक्या दाबाच्या वाफेवर चालत. ट्रेव्हिथिकने कितीतरी जास्त दाबाची वाफ कोंडली आणि इंजिन चाकांवर बसवण्याइतके लहान केले. वॉटच्या मते हा जिवाशी खेळ होता.

८ सप्टेंबर १८०३ रोजी लंडनजवळच्या ग्रीनिचला त्याचा एक बॉयलर फुटला. चार माणसे गेली. इंजिन सांभाळणारा पोरगा काम एका मजुरावर सोपवून ईल मासे धरायला गेला होता. सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी पान्याने दाबून ठेवलेली. मजुराने इंजिन थांबवले, पण पाना तसाच राहिला. खाली जाळ चालू, वर वाट बंद!

पोरावर खापर फोडून मोकळे होता आले असते. ट्रेव्हिथिकने यापुढे बॉयलरवर दोन व्हॉल्व्ह ठेवले. त्यांतला एक चालकाला कमी-जास्त करता येणार नाही असा. भट्टीच्या माथ्यावर शिशाची गुडदी बसवली. पाणी खाली गेले की ती वितळायची. आजही कारखान्यासाठी व्हॉल्व्ह निवडताना तो किती दाबाला उघडेल, बॉयलरमध्ये होणारी सगळी वाफ त्यातून निघेल का, हे पाहतात. आणि दाब ठरवला की त्यावर सील ठोकतात, कुणाचा हात लागू नये म्हणून. माणूस कंटाळतो, घाई करतो, हे गृहीत धरलेला व्हॉल्व्हच खरा, असे मला वाटते.

२१ फेब्रुवारी १८०४ ला वेल्समध्ये त्याच्या इंजिनाने दहा टन लोखंड आणि सत्तर माणसे रुळांवरून ओढली. पैसा मात्र हाती टिकला नाही. १८१६ मध्ये तो पेरूच्या चांदीच्या खाणींवर गेला, तिथल्या युद्धात सर्वस्व गमावून १८२७ मध्ये परतला. वाटखर्चही तरुण रॉबर्ट स्टीफन्सनने दिला. २२ एप्रिल १८३३ रोजी डार्टफर्डला तो वारला. कारखान्यातल्या सोबत्यांनी वर्गणी काढली, खांदा दिला, आणि प्रेतचोरांच्या भीतीने थडग्यावर रात्रीचा पहारेकरीही ठेवला. थडग्यावर नाव कोरलेले नव्हते.