ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स

नाताळच्या दिवशी आम्हां कीर्तनकारांस आवर्जून आठवावे असे एक ओवीकार इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात जन्मले. फादर थॉमस स्टीफन्स हे त्यांचे नाव, जन्म इ. स. १५४९ च्या सुमाराचा. १५७५ साली रोम येथे त्यांनी येशूसंघात प्रवेश केला आणि १५७९ च्या ऑक्टोबरात ते गोव्यास उतरले. पुढील चाळीस वर्षे, देह ठेवीपर्यंत, साष्टी हीच त्यांची कर्मभूमी.

त्या साष्टीतील देवालये पोर्तुगीजांनी १५६७ साली पाडली होती. पुराणश्रवणास मुकलेल्या तेथील नवख्रिस्ती जनांसाठी स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' रचिले. ते वाचताना ती भग्न देवळे आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत, आणि ग्रंथही हातातून सोडवत नाही.

देवाने जग का निर्मिले? आप्तकामाला हेतू कसला, ही त्याची लीला, असे आमचे वेदान्ती सांगतात. स्टीफन्स यांच्या परंपरेतही देवाला काही उणे नव्हते. परंतु ती लीलेपाशी थांबत नाही. आपले चांगुलपण इतरांस लाभावे म्हणून देवाने शून्यातून सृष्टी केली. मनुष्याला आपल्या प्रतिरूपाने घडविले, ते त्याने देवाला ओळखावे, भजावे आणि अंती त्याच्या सान्निध्याचे सुख भोगावे म्हणून. इतर वस्तू या ध्येयास साह्य होतील तेवढ्याच घ्याव्यात, ही येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस यांच्या साधनाग्रंथाची पायरीच आहे. शिवाय हे सारे एकदाच घडावयाचे! कल्प-मन्वंतरांच्या फेऱ्याला सरावलेल्या श्रोत्यांस ते केवढे नवे वाटले असेल.

आदाम-एवेने आज्ञा मोडली, पण देवाचा संकल्प मोडला नाही. ग्रंथाची पुराणे दोन. पहिले सृष्टी व पतन सांगून तारकाची वाट पाहावयास लावते. दुसऱ्यात तो बेथलेहेमच्या गोठ्यात जन्म घेतो. आम्ही याला पूर्वरंग आणि उत्तररंग म्हणू. स्वर्गाला तर या पाद्रीबुवांनी खुशाल वैकुंठ म्हटले आहे!

१६१६ साली रायतूर येथे हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. तीन वर्षांनी कवी निवर्तले. १६४९ व १६५४ सालीही तो पुन्हा निघाला. मात्र त्या तिन्ही छपाईंची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांनी तो जगविला आणि १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा मुद्रित झाला.